भिंतीवरचा फिकट आयत : भावनेपासून अमूर्त चित्रापर्यंतची वाट

आई गेल्यानंतरच्या महिन्यात मी तीन फूट बाय चार फुटांचा एक कॅनव्हास काळ्या आणि तांबड्या रंगांनी भरून टाकला. दुःख मोठे होते, म्हणून रंग गडद आणि फटकारे मोठे, असा सरळ हिशेब मी मांडला होता. आठ दिवसांनी तो कॅनव्हास उजेडात ठेवून पाहिला, तेव्हा त्यात मला फक्त माझ्या हाताचा जोर दिसला. आईचा त्यात कुठेही मागमूस नव्हता.

त्याच सुमारास लालबागच्या आमच्या खोलीत रंगकाम काढायचे ठरले आणि मी स्वयंपाकघरातले कॅलेंडर खिळ्यावरून उतरवले. वर्षानुवर्षांच्या फोडणीने भिंत पिवळट आणि किंचित चिकट झाली होती, पण कॅलेंडरमागचा आयत मूळच्या पिस्ता रंगाचा, जवळजवळ नवा राहिला होता. गॅसच्या बाजूची त्याची कड तेलकट वाफेने आत सरकत पुसट झालेली होती. खिडकीकडची कड मात्र पट्टीने आखल्यासारखी स्वच्छ होती. महिन्याचे पान उलटताना आई जिथे हात टेकवत असे, त्या खालच्या कोपऱ्यालगतची भिंत थोडी अधिक काळवंडलेली होती. मी त्या आयतासमोर बराच वेळ उभी राहिले. पुढे चार महिने चाललेले चित्र तिथून सुरू झाले, आणि त्या चित्राने मला जी कामाची पद्धत शिकवली तीच येथे पायरीपायरीने मांडत आहे.

अमूर्त चित्रकलेकडे वळलेल्या अनेकांची सुरुवातीची अडचण माझ्यासारखीच असते. मनात भावना तीव्र असते, हातात रंग असतात, आणि या दोहोंमधला रस्ता मात्र कोणी दाखवलेला नसतो. भावना थेट कॅनव्हासवर ओतता येत नाही, तिला आधी वजन, वेग, तापमान आणि कड यांच्या भाषेत आणावे लागते, असे माझे ठाम मत झाले आहे.

पहिली पायरी : भावनेचे नाव बाजूला ठेवणे

दुःख, आनंद, भीती, ओढ हे शब्द बोलण्यासाठी पुरेसे असले तरी रंगवण्यासाठी फार ढोबळ असतात. ‘दुःख’ म्हटले की हात आपोआप काळ्या रंगाकडे जातो आणि ‘आनंद’ म्हटले की पिवळ्याकडे. ही सवय आपल्या अनुभवातून आलेली नसते, ती इतरांच्या चित्रांतून आणि जाहिरातींतून आलेली असते. म्हणून कामाच्या सुरुवातीला भावनेला नाव देण्याचे टाळावे आणि ती ज्या प्रसंगी जाणवली त्या प्रसंगात डोळ्यांनी, कातडीने आणि कानांनी नेमके काय टिपले ते आठवावे.

मुंबईत राहणाऱ्या माणसाला अशा सामग्रीची कमतरता नसते. जूनमध्ये गच्चीवर आणि दुकानांच्या पुढच्या बाजूंवर निळ्या ताडपत्र्या चढल्या की घराघरांतला उजेड बदलतो. माणसांच्या चेहऱ्यांवर आणि वरणाच्या वाटीतही एक थंड निळी झाक उतरते. भर गर्दीत लोकलच्या दारापासून आत ढकलले जाताना आजूबाजूच्या कपड्यांचे रंग डोळ्यांच्या इतके जवळ येतात, की त्यांना आकार उरत नाही, केवळ रंगाचे पट्टे उरतात. ओहोटीच्या वेळी दादरच्या किनाऱ्यावर ओल्या आणि कोरड्या वाळूची सीमा कुठे धारदार असते, तर कुठे हळूहळू विरत जाते. हे सारे पाहताना मनात काहीतरी हलले असेल, तर चित्राचे बीज त्या पाहण्यातच आहे.

येथे वासुदेव गायतोंडे यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९२४ मध्ये जन्मलेल्या, सर ज. जी. कला महाविद्यालयातून १९४८ मध्ये पदविका घेतलेल्या या चित्रकाराला आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेले रुचत नसे. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. हा शब्दांचा कीस नव्हता. अमूर्त म्हटले की आधी काहीतरी मूर्त होते आणि मग त्यातून तपशील गाळले, असे ध्वनित होते. त्यांच्या कॅनव्हासवर रंग, उजेड आणि पोत यांनाच स्वतःचे अस्तित्व आहे. नवशिक्याने मात्र त्या टोकापासून सुरुवात करण्याचा हट्ट धरू नये, असे मला वाटते. आधी एखादा खरा अनुभव हाताशी घ्यावा. तो गाळत गाळत कुठवर जायचे ते पुढे काम करतानाच कळते.

दुसरी पायरी : चार प्रश्नांची वही

एक साधी वही घ्यावी आणि ती रोज वापरावी. दिवसातला एक अनुभव निवडून त्याबद्दल चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. त्याचे वजन किती होते, म्हणजे ते अंगावर दाबत होते की उचलून धरत होते? त्याचा वेग काय होता? ते गरम होते की थंड? आणि त्याची कड कशी होती, म्हणजे ते एकदम सुरू होऊन एकदम संपले, की न कळत आले आणि न कळत ओसरले?

कॅलेंडरच्या आयतासमोर उभी असताना मी जे लिहिले ते असे होते : ‘वजन हलके, पण त्याच्या भोवतीचे सगळे जड. वेग नाही. मध्ये थंड, बाहेर कोमट. एक कड कापल्यासारखी, एक कड विरलेली.’ या चार ओळींत ‘दुःख’ हा शब्द नाही, परंतु चित्रासाठी लागणारे बहुतेक सगळे निर्णय त्यांत आहेत. थंड मध्यासाठी कोणता रंग घ्यायचा, बाहेरची कोमट छटा किती थरांत आणायची, कोणती कड पट्टी लावून काढायची आणि कोणती चिंधीने पुसायची, हे सारे त्या ओळींनी ठरवून दिले.

वहीचे महत्त्व मुंबईच्या चित्रकारांनी फार पूर्वीच ओळखले होते. प्रभाकर बरवे नियमितपणे डायऱ्या लिहीत आणि त्यांत वस्तू, अवकाश आणि कल्पना यांची टिपणे करत. कराचीत जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या नसरीन मोहमेदी यांनी शाई आणि पेन्सिलच्या अतिशय संयत रेषांतून आपले काम उभे केले. त्याही डायरी लिहीत, आणि तिच्या काही पानांवर त्यांनी लिहिलेल्या मजकुरावरच शाईचे पट्टे ओढलेले आहेत. लिहिणे हळूहळू रेषेत कसे उतरते, हे त्या पानांवर डोळ्यांना दिसते.

तीन आठवडे वही भरल्यावर ती सलग वाचावी. काही गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या आढळतील. माझ्या वहीत ‘कड विरलेली’ हे शब्द अकरा वेळा आले होते आणि मला त्याची कल्पनाही नव्हती. अशी पुनरावृत्ती सापडली, तर सध्या आपला विषय तोच आहे असे धरून चालावे.

तिसरी पायरी : छोटे कागद

मोठ्या कॅनव्हासला हात लावण्यापूर्वी साधारण चार इंच बाय सहा इंचांचे वीस कागद कापून घ्यावेत. कागद जाड असावा, म्हणजे पाण्याने तो गुंडाळला जात नाही. एका कागदाला दहा मिनिटे द्यावीत आणि रंग तीनच घ्यावेत. झाड, चेहरा, होडी असे ओळखू येणारे काही उमटू लागले, तर कागद फिरवून पुढे जावे.

हे वीस कागद भिंतीवर लावून तीन दिवस काहीही न करता येता-जाता पाहावेत. पहिल्या दिवशी जो कागद सर्वांत छान वाटतो तो बहुधा तिसऱ्या दिवशी फिका पडतो, आणि ज्याच्याकडे आपण लक्षच दिले नव्हते त्याच्याकडे नजर पुन्हा पुन्हा जाऊ लागते. मोठ्या चित्रासाठी तो दुसरा कागद घ्यावा. तो मोठ्या कॅनव्हासवर जसाच्या तसा मात्र उतरवू नये, कारण हाताच्या पंजाएवढ्या जागेत जिवंत वाटणारा डाग तीन फुटांवर ताणला की पोकळ दिसतो. कागदावरून फक्त दोन गोष्टी घ्याव्यात : गडद आणि उजळ भागांचे प्रमाण, आणि कडांचा स्वभाव.

चौथी पायरी : रंगांची निवड

नव्या चित्रकाराने चार ट्यूबांवर काम करावे, असा माझा आग्रह असतो : अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि टायटेनियम पांढरा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की निळसर ते तपकिरी अशा करड्या छटांची लांब रांग मिळते, आणि दोन्ही दाट घेतले तर जवळजवळ काळा रंग तयार होतो. हा काळा ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा अधिक खोल दिसतो, कारण त्यात थंड आणि उष्ण दोन्ही छटा दडलेल्या असतात आणि शेजारच्या रंगाप्रमाणे त्यांतली एक पुढे येते.

पारदर्शक आणि अपारदर्शक रंगांतला फरक येथेच नीट समजून घ्यावा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पारदर्शक आहेत, म्हणजे त्यांच्या पातळ थरातून खालचा रंग दिसत राहतो. टायटेनियम पांढरा खालचे सारे झाकतो, आणि यलो ऑकरही बऱ्यापैकी झाकतो. आठवण, अंतर, विरणे यांसारख्या अनुभवांसाठी पारदर्शक थर अधिक उपयोगी पडतात, तर आघात किंवा अडथळा दाखवायचा असेल तेव्हा अपारदर्शक रंगाचा एकच ठोस पट्टा पुरतो. माझ्या चित्रातला पिस्ता रंग मी पांढऱ्यात ऑकर आणि किंचित अल्ट्रामरीन घालून बनवला. तो बाटलीतला तयार हिरवा असता, तर आमच्या भिंतीचा झाला नसता.

ॲक्रिलिक वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ओला असताना त्याचे माध्यम, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा द्रव, दुधाळ असते आणि वाळल्यावर पारदर्शक होते, त्यामुळे वाळलेला रंग थोडा गडद दिसतो. म्हणून प्रत्येक मिश्रणाची एक पट्टी आधी कागदावर ओढून वाळू द्यावी.

पाचवी पायरी : तळ

कॅनव्हास ताणून घेतल्यावर त्यावर गेसोचे, म्हणजे रंग धरण्यासाठी तळाला द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, दोन किंवा तीन हात द्यावेत, एक हात आडवा आणि पुढचा उभा. दोन हातांमध्ये बारीक पॉलिश पेपर हलका फिरवावा. तैलरंगांसाठी ही काळजी अटळ आहे, कारण अळशीचे तेल कोऱ्या कापडात मुरले की धागे कालांतराने ठिसूळ होतात.

पांढऱ्या तळावर लगेच काम सुरू करण्याऐवजी पातळ ऑकर किंवा करड्या रंगाचा एक हात देऊन चिंधीने पुसून काढावा. पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येक रंग गडद भासतो आणि निर्णय चुकतात. मध्यम छटेच्या तळावर उजळ आणि गडद दोन्ही नीट तोलता येतात.

सहावी पायरी : थर चढवणे आणि उतरवणे

अमूर्त चित्राचा खरा काळ येथे जातो, आणि लोक सर्वाधिक घाईही येथेच करतात. पहिला थर पातळ असावा आणि तो मोठ्या ब्रशने किंवा चिंधीने, चित्राची ढोबळ विभागणी करण्यापुरताच द्यावा. तैलरंगांत आधीचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले आणि नंतरचे क्रमाने अधिक तेलकट असावेत. उलट केले तर वरचा थर खालच्या आधी वाळतो आणि पुढे त्याला भेगा पडतात. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतात, परंतु तैलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही.

दुसऱ्या थरापासून काढून टाकण्याचे काम सुरू करावे. ओल्या रंगावर वर्तमानपत्राचा कागद ठेवून तळहाताने दाबावा आणि एका कोपऱ्यापासून सावकाश उचलावा. कागदाबरोबर काही रंग निघून येतो आणि मागे राहतो तो पोत कोणत्याही ब्रशने काढता येत नाही. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पुट्टीची पाती आणि लहान रोलर हीदेखील उत्तम साधने आहेत. गायतोंडे यांनी रोलर आणि पॅलेट नाईफने रंग पसरवत, खरवडत आणि कागदाच्या तुकड्यांनी उचलत जे पृष्ठभाग घडवले, ते पाहिल्यावर रंग काढणे हेही रंगवणेच असते याची खात्री पटते. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करत. बाकीचा काळ पाहण्यात आणि वाट पाहण्यात जाई.

माझ्या चित्रात तेलकट वाफेने पुसट झालेली कड मला पाच वेळा करावी लागली. ब्रशने विरवली तर ती धुरासारखी दिसे, बोटाने पुसली तर घाण दिसे. शेवटी मी आतला पिस्ता रंग पूर्ण वाळू दिला, त्यावर माध्यमात मिसळलेल्या बर्न्ट सिएनाचा अगदी पातळ थर कडेवरून आत दोन बोटे नेला, आणि तो ओला असतानाच सुती पंच्याचा बोळा आतल्या बाजूने बाहेर टिपत आणला. असे सात थर झाले, आणि प्रत्येक थरादरम्यान एक रात्र गेली. सातव्या थरानंतर ती कड भिंतीवरच्या कडेसारखी, म्हणजे घाई नसलेली दिसली. खिडकीकडची कड मात्र मास्किंग टेप लावून एकाच दमात झाली. दोन कडांना लागलेल्या वेळेतला हा फरक चित्रात दिसतो, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी तो जाणवतो.

भावनेच्या भरात रंगवू नये, हे मला येथे स्पष्टपणे सांगायचे आहे. रडू येत असेल तर रडावे आणि वही लिहावी. कॅनव्हाससमोर उभे राहावे ते मन निवळल्यावर. कित्येक जण मूळ भावना परत आणण्यासाठी तेच गाणे लावतात, तोच फोटो समोर ठेवतात. त्याने भावना येते, पण नजर जाते. काम दहाव्या-बाराव्या दिवशी पोचते तेव्हा सुरुवातीची तीव्रता ओसरलेली असते, आणि तसे होणे चांगलेच असते, कारण आता चित्राला स्वतःची गरज निर्माण झालेली असते. अशा वेळी वहीतल्या चार ओळी पुन्हा वाचाव्यात आणि चित्र त्यांच्यापासून किती दूर गेले आहे ते पाहावे. दूर गेले असेल आणि तरीही जिवंत असेल, तर ओळी सोडून चित्राचे ऐकावे.

सातवी पायरी : पाहणे आणि थांबणे

आपल्याच चित्राकडे परक्यासारखे पाहता येणे अवघड असते. अमूर्त चित्रकलेच्या आद्य चित्रकारांपैकी एक असलेल्या रशियन चित्रकार वासिली कांडिन्स्की यांनी लिहून ठेवले आहे, की म्युनिकमध्ये एका संध्याकाळी ते स्टुडिओत परतले असता भिंतीशी त्यांना एक विलक्षण सुंदर, विषय न उमगणारे चित्र दिसले, आणि जवळ गेल्यावर कळले की ते आडवे ठेवलेले त्यांचेच चित्र होते. हा प्रसंग रोजच्या कामात मुद्दाम घडवून आणावा. प्रत्येक बैठकीत कॅनव्हास एकदा तरी चारही बाजूंनी फिरवावा. जी बाजू वर असताना तो डोलल्यासारखा वाटतो, तिथे वजनाची वाटणी चुकलेली असते.

मुंबईच्या खोल्यांत मागे सरकायला जागा नसते, ही खरी अडचण आहे. कॅनव्हासकडे पाठ करून खांद्यापाशी आरसा धरला, तर चित्र उलटेही दिसते आणि दूरही जाते. चाळीत राहणाऱ्यांनी दार उघडे ठेवून समोरच्या गॅलरीतून पाहावे. मोबाईलवर फोटो काढून तो कृष्णधवल करावा. सगळीकडे सारखाच करडा दिसला, तर रंग कितीही असले तरी उजेडाची रचना झालेली नाही असे समजावे.

थांबण्याची वेळ ओळखण्यासाठी मी एक चाचणी वापरते. कोऱ्या कागदाचा तुकडा चित्राच्या एकेका भागावर धरायचा. तो भाग झाकल्यावर बाकीचे चित्र अपुरे वाटले तर तो आवश्यक आहे. काहीच फरक पडला नाही तर तो काढावा किंवा शांत करावा. एकही भाग अनावश्यक वाटेनासा झाला की कॅनव्हास आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवावा आणि मग एकदाच पाहावा.

नजर तयार होण्यासाठी इतरांची चित्रेही निवांत पाहावी लागतात. १९५२ पासून काळा घोड्याला असलेली जहांगीर आर्ट गॅलरी आणि रस्त्यापलीकडचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय या दोन्ही ठिकाणी एका फेरीत सारे पाहण्याऐवजी एकाच चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहावे, आणि तेच चार प्रश्न त्या चित्राला विचारावेत.

पावसाळा, लहान खोली आणि चित्राची पाठ

दमट हवेत कॅनव्हास सैल पडतो. स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणलेल्या लाकडी चौकटीच्या, कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हाताने ठोकून तो पुन्हा ताणता येतो. जून ते सप्टेंबरमध्ये चित्रे बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीला लावू नयेत आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून तर अजिबात ठेवू नयेत, कारण आत अडकलेल्या ओलाव्याने बुरशी धरते. तैलचित्राला वॉर्निश करण्याआधी सहा महिने ते वर्षभर थांबावे.

बंद खोलीत टर्पेंटाइन वापरू नये. खिडकी आणि दार दोन्ही उघडी हवीत. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकणे धोक्याचे आहे, कारण तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.

चित्र पूर्ण झाल्यावर पाठीमागच्या लाकडी पट्टीवर तारीख, माप, माध्यम आणि वापरलेल्या रंगांची नावे पेन्सिलीने लिहावीत. शीर्षक देताना भावनेचे नाव टाळावे, म्हणजे पाहणाऱ्याला स्वतःचा अनुभव आणायला मोकळीक राहते. माझ्या चित्राच्या मागे शीर्षकाच्या जागी फक्त ‘स्वयंपाकघर, उत्तरेची भिंत’ असे लिहिलेले आहे, आणि त्याखाली वहीतल्या त्या चार ओळींचा कागद टाचणीने लावलेला आहे.